खिंड मोकळी असण्याचा दिवस

फुर्बानं पाठीवरचं पाण्याचं पिंप उतरवलं आणि नेहमीसारखा निघून न जाता माझ्या खोलीच्या दारात उकिडवा बसला. मी दाढी करत होतो.

“बाबू, एक विचारू?”

“विचार की.”

“पलीकडच्यांचं सगळं तुम्हाला ऐकू येतं ना?”

माझा वस्तरा गालावरच थांबला. आमच्याकडं यंत्र आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. आम्ही हवामान मोजतो असं सांगायचो आणि गावकरी ‘हो हो’ म्हणून मान डोलवायचे. पण असं तोंडावर कुणी विचारलं नव्हतं.

“कुणी सांगितलं तुला?”

“सांगायला कशाला पाहिजे? उन्हाळाभर मी याक चारायला वर होतो. खाली आलो की तुम्ही विचारायचात, खिंडीतले शिपाई कधी उतरले, कधी चढले. मी बोटावर मोजून सांगायचो आणि तुम्ही वहीत लिहायचात. एवढं मला कळतं, बाबू. मी अडाणी आहे, मूर्ख नाही.”

मी तोंड धुतलं.

“मला ल्हामोला आणायचंय,” तो म्हणाला. “खिंड मोकळी असेल असा एक दिवस मला सांगा. एकच.”

आता थोडं मागचं सांगावं लागेल, नाहीतर तुम्हाला काही उमजायचं नाही. ही गोष्ट सदुसष्ट सालची. नेपाळच्या उत्तर टोकाला तेव्हा तिथल्या सरकारच्या परवानगीनं आपली वायरलेसची ठाणी होती. देश तिसऱ्याचा, यंत्र आपलं, आणि कान लावायचे ते डोंगरापलीकडं तिबेटात बसलेल्या चिनी फौजेकडं, असा तो उद्योग. मी होतो त्या ठाण्याचं आणि गावाचं नाव सांगत नाही, सांगून काही उपयोगही नाही. आम्ही तिघं होतो. प्रमुख बिश्तसाहेब, अल्मोड्याकडचे, मितभाषी गृहस्थ. जनरेटर आणि बॅटऱ्या सांभाळणारा मारुती पोवार, कोल्हापूरचा, त्याच्या तोंडाला कुलूप नाही. आणि मी दामोदर खैरमोडे, वाईजवळचा, मोर्स उतरवून घेणारा.

काम साधं होतं. पलीकडून चार-चार आकड्यांचे गट यायचे, ते कानानं ऐकायचे आणि कागदावर लिहायचे. कागद बिश्तसाहेबांकडं, तिथून मजकूर दिल्लीला. त्या आकड्यांचा अर्थ लावणारे लोक वेगळे, ते दिल्लीत खुर्चीत बसलेले. आम्ही अर्थ लावायचा नाही हा पहिला नियम. एखादा गट ऐकू आला नाही तर त्या जागी रेघ मारायची हा दुसरा.

पहिला नियम मी कधीच गुंडाळून ठेवला होता. रोज चार वाजता तेच तेच आकडे ऐकून माणूस दगड थोडाच राहतो? फुर्बानं डोळ्यांनी बघितलेलं आणि मी कानांनी ऐकलेलं शेजारी शेजारी मांडत गेलो. तीन-चार महिन्यांत खिंडीचा गट कुठला, शिपायांच्या बदलीचा कुठला, तारीख कशी येते, हे मला पाठ झालं. दर दहा-बारा दिवसांनी वरचे आठ शिपाई बदलत. जुने सकाळी उतरत, नवे दुपारनंतर पोचत. मध्ये पाच-सहा तास खिंडीत चिटपाखरू नसायचं.

दुसऱ्या नियमाचं म्हणाल तर माझ्या कागदावर रेघ नसायचीच. बिश्तसाहेब खालच्या ठाण्यांवरून कुणी आलं की माझे कागद काढून दाखवायचे. “हे बघा. याला म्हणतात कान.” मी आपला मान खाली घालून उभा राहायचो आणि आतून फुगायचो.

आता ल्हामो. फुर्बाची नऊ वर्षांची मुलगी. जूनमध्ये आजीकडं गेली ती तिकडंच अडकली. आजी म्हणजे फुर्बाची बायको यांगजी हिची आई. खिंडीपलीकडं तासाभराच्या उतारावर तिचा तंबू होता. त्या लोकांना सीमा वगैरे ठाऊकच नव्हती, माहेर-सासर खिंडीच्या दोन अंगाला असायचं. ऑगस्टमध्ये अचानक पलीकडून हुकूम आला आणि खिंड बंद झाली. एक गुराखी तरीही गेला, त्याला गोळी घातली. मिठाचे व्यापारी तेवढे लांबच्या वाटेनं परवाना घेऊन जात-येत, पण त्यांना माणसं मोजून सोडत. पोरगी लपवून आणणं शक्य नव्हतं.

“बर्फ पडायला तीन आठवडे राहिले,” फुर्बा म्हणाला. “आणि व्यापारी सांगतात की तिकडच्या तंबूवाल्यांना पौर्णिमेनंतर सीमेपासून लांब नेणार आहेत. कुठं ते कुणालाच ठाऊक नाही. एकदा नेलं की संपलं, बाबू.”

“बघतो,” मी म्हणालो.

“बघतो म्हणजे हो का नाही?”

“बघतो म्हणजे बघतो. जा आता.”

तो गेला. पोवार भिंतीपलीकडं बॅटरीत पाणी घालत होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. हात पुसत पुसत आला.

“सांगणार हायस काय त्याला?”

“नोकरी जाईल. वर कैद.”

“ते खरंच की.” तो जरा वेळ गप्प बसला, म्हणजे बघा. “पर लका, माझी धाकटी बी नऊ वर्सांची हाय. माझी पोर तिकडं असती तर मी तुझ्या नरड्याला धरून दिवस काढून घेतला असता. ह्यो बिचारा इचारतोय.”

सांगायचं हे माझं तेव्हाच ठरलं होतं.

चार वाजताच्या त्या निरोपाचा पलीकडचा माणूस आम्हाला ओळखीचा झाला होता. प्रत्येकाचा मोर्सचा हात वेगळा असतो, बोलण्याची ढब असते तसा. याचा हात संथ. ओसरीवर बसून सुपारी कातरत बोलावं तसा. तारीख आली की दोनदा पाठवायचा. पोवारनं त्याचं नाव नाना ठेवलं होतं. “आलं का नाना? काय म्हणत्यात?” असं तो रोज विचारायचा.

ऑक्टोबरच्या दहा तारखेला नाना आला नाही. दुसराच कुणीतरी होता, गाडी चुकत असल्यासारखा घाईघाईनं पाठवत होता. बाहेर वारं सुटलं होतं आणि कोरड्या बर्फाचा भुगा एरियलवर आपटून कानात नुसती मोहरी तडतडत होती. वीस मिनिटं मी लिहीत होतो. थांबलो तेव्हा मान आखडली होती. कागद उचलून पाहिला. खिंडीचा गट होता, बदलीचा गट होता आणि पुढं तारीख होती, बारा.

सकाळी फुर्बानं पिंप उतरवल्याबरोबर मी त्याला आत घेतलं.

“उद्या.”

“उद्या?” त्याचा चेहरा एकदम कोवळा झाला. “नक्की ना?”

“नक्की. कागदावर आहे. उजाडल्यावर ते उतरतील. तू जरा थांबून चढ. आणि दुपारच्या आत पोरीला घेऊन अलीकडं ये, उशीर करू नकोस.”

“धावत येईन.”

“आणि फुर्बा, मी सांगितलं हे कुणाला म्हणजे कुणाला बोलायचं नाही. यांगजीलासुद्धा.”

“मला कुणी सांगितलंच नाही,” तो म्हणाला आणि हसला. त्याचा एक पुढचा दात पडलेला होता. “पोर तुम्हाला दाखवायला आणतो, बाबू. फार बडबडी आहे. डोकं उठवेल तुमचं.”

दुपारी तो निघाला. खिंडीखाली एक गुहा होती, तिथं रात्र काढून पहाटे वर जायचं असा त्याचा बेत होता.

बारा तारीख मी कशी काढली ते विचारू नका. कपडे धुतले. धुतलेले परत धुतले. खिंड ठाण्यावरून दिसत नसे, मध्ये एक डोंगराचा सुळका आडवा होता. तरी मी दहा वेळा तिकडं बघितलं. पोवारनं भाकरी केली होती, ती तशीच राहिली. “अरं खा की,” तो म्हणाला. “तू उपाशी ऱ्हाऊन ती पोर लवकर येनार हाय व्हय?”

चार वाजता मी कानाला हेडफोन लावले. नाना परत आला होता. तोच संथ हात. मी लिहू लागलो. खिंडीचा गट आला. तारीख आली बारा, दोनदा. मग एक हा आकडा. आणि त्यापुढं एक गट आला, जो मी अख्ख्या उन्हाळ्यात फक्त एकदाच लिहिला होता. ऑगस्टमध्ये, त्या गुराख्याच्या दिवशी.

मी तो गट लिहिला. त्याच्या पुढचाही लिहिला. निरोप संपेपर्यंत सगळे गट नीट, ओळीत, सारख्या अक्षरात लिहिले. मला त्या वेळी काहीच वाटलं नाही, आणि याची मला आजतागायत लाज वाटते. नाना नेहमीसारखा संथपणे संपवून गेला. मी कागद घेऊन बिश्तसाहेबांकडं गेलो.

“काही विशेष?” त्यांनी नेहमीप्रमाणं विचारलं.

“नाही साहेब. रोजचंच.”

पोवार दारात उभा होता. माझं तोंड बघून त्यानं विचारलं नाही. खोलीत आल्यावर मीच म्हणालो, “फुर्बा गेला.”

“गेला म्हंजी?”

“मारला त्याला.”

“आणि पोरगी?”

“आकडा एकच आहे. जातानाच मारला असणार. पोरगी तिकडंच.”

पोवार खाटेवर बसला. जरा वेळानं म्हणाला, “वैनीला सांगाय पायजे.”

“काय सांगू? आणि कसं कळलं म्हणून सांगू?”

“मग?”

“मग काय मग? मला काय विचारतोस?” मी त्याच्यावर खेकसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी घेऊन यांगजी आली. बारकीशी बाई, पण ते पिंप नवऱ्याइतकंच सहज पेलायची. दोन दिवस ते कामासाठी खालच्या गावी गेलेत म्हणाली. तोवर पाणी मी आणते, तुमची अडचण नको. मी बरं म्हणालो. ती गेल्यावर त्याच पाण्याचा चहा केला आणि प्यायलो. चौदा तारखेलाही ती आली. त्या दिवशी तिनं गावी गेलेत असं म्हटलं नाही, काहीच म्हटलं नाही, फक्त जाताना जरा वेळ उत्तरेकडं बघत उभी राहिली. सांगतो म्हणून मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा मिटलं.

पंधराला लांबच्या वाटेनं मिठाचा एक म्हातारा व्यापारी गावात आला. त्यानं तिकडं ऐकलेलं सांगितलं. शिपाई खिंडीतच होते, एक माणूस खालून चढताना दिसला, हाक न मारता गोळी घातली, तिथंच दगडाखाली पुरला. यांगजीचं रडणं आमच्या ठाण्यापर्यंत ऐकू आलं. शव नव्हतं, म्हणून त्याचा जुना अंगरखा समोर ठेवून लामानं पोथी वाचली. मी आणि पोवार जाऊन बसलो. गावातल्या बायांनी आम्हाला लोणी घातलेला चहा दिला.

मला एकच कोडं पडलं होतं. शिपाई तिथं का होते? कागदावर तर बारा होती. मी मनाशी धरलं, त्यांनी ऐनवेळी बदल केला असणार. आपला काय दोष? दोन-तीन रात्री मी याच्यावरच झोपलो.

अठरा तारखेला बिश्तसाहेबांनी बोलावलं. त्यांच्यासमोर माझा कागद होता.

“दहा तारखेचा हा तूच उतरवलास?”

“हो साहेब.”

“दिल्लीनं विचारणा केली आहे. पश्चिमेकडच्या आपल्या दुसऱ्या ठाण्यानंही तोच निरोप घेतला होता. त्यांच्याकडं तारीख तेरा आहे. तुझ्याकडं बारा.”

“त्यांची चूक असेल साहेब.”

“त्यांच्या कागदावर सात रेघा आहेत, खैरमोडे. सात ठिकाणी त्यांनी कबूल केलंय की बाबा, ऐकू आलं नाही. तारखेवर मात्र रेघ नाही. ती त्यांना ऐकू आली.” त्यांनी माझा कागद माझ्याकडं फिरवला. “तुझ्या कागदावर एकसुद्धा रेघ नाही. त्या वाऱ्यात?”

मी कागदाकडं बघत राहिलो.

हे मोर्सवाल्यालाच कळेल, तरी सांगून बघतो. रोज तेच तेच निरोप घेतले की कान मागं पडतो आणि हात पुढं जातो. एखादा गट वाऱ्यात बुडाला तरी इथं काय असणार हे हाताला ठाऊक असतं, तो लिहून टाकतो. आम्ही त्याला ‘भरणं’ म्हणायचो. सगळेच भरायचे, मी जास्त भरायचो, म्हणून तर माझा कागद तसा बिनरेघेचा. त्याआधीच्या सलग चार वेळा बदली निरोपानंतर एक दिवस सोडून झाली होती. दहाचा निरोप म्हणजे बारा. हातानं बारा लिहून टाकली. आणि खरं सांगतो, तो आकडा मी ऐकला नव्हता, भरला होता, हे मला साहेबांसमोर उभा राहीपर्यंत ठाऊकच नव्हतं. निरोप संपल्यावर कागद उचलला तर आकडा होता, माझ्याच अक्षरात. आपल्या अक्षरावर माणूस विश्वास ठेवतोच की.

“फुर्बाला दिवस कुणी सांगितला?” बिश्तसाहेबांनी विचारलं.

मी कागद परत त्यांच्याकडं सरकवला.

“मी विचारलं आणि तू ऐकलं नाहीस, असं समजतो.” ते खिडकीकडं बघत बोलत होते. “दिल्लीला लिहितो, वाऱ्यामुळं चूक झाली. आपण ऐकतो, बोलत नाही. किती वेळा सांगितलं तुम्हा लोकांना?”

“साहेब, मी...”

“जा.”

मी गेलो. पोवारला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, “रेघ मारली असतीस तर तुझं काय जात हुतं रं?” शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर यांगजीच पाणी आणू लागली, कायमची. बोलायची नाही. पिंप रिकामं करायची, जायची. मी आपला रोज चार वाजता हेडफोन लावायचो. काही ऐकू आलं नाही की रेघ मारायचो. माझ्या कागदावर आता रेघाच रेघा असायच्या.

तेवीस तारखेला हवा एकदम स्वच्छ होती. वारा नाही, ढग नाही. नाना आला आणि त्यानं जे पाठवलं ते समोर बसून बोलल्यासारखं स्पष्ट. खिंडीचा गट. बदलीचा गट. तारीख पंचवीस, आणि पुन्हा पंचवीस. प्रत्येक ठिपका, प्रत्येक रेष मी ऐकली. त्यात भरलेलं तसूभरही नव्हतं, देवाशपथ.

चोवीसच्या सकाळी यांगजी पाणी ओतून झाल्यावर गेली नाही. दारात बसली. नवरा बसला होता त्याच जागी, पण मांडी घालून.

“दाजू,” ती म्हणाली. तिकडं थोरल्या भावाला दाजू म्हणतात. “मला आता दुसरा दिवस सांगा.”

“कसला दिवस?”

“त्यानं मला तुमचं नाव सांगितलं नाही. पण दुसरं कोण सांगणार? बिश्तसाहेब सांगायचे नाहीत, आणि मारुतीदाजूला यंत्रातलं कळत नाही.” ती माझ्याकडं न बघता बोलत होती. “मी भांडायला नाही आले. गेला तो गेला. खिंड म्हटली की कधी बर्फ असतं, कधी शिपाई असतात. मुलगी अजून आहे ना? माझ्या आईचा तंबू अजून तिथंच आहे, काल व्यापारी सांगत होता. चार-पाच दिवसांत हलवणार. मी त्याच्यापेक्षा चपळ आहे. लहानपणापासून त्या वाटेनं गेलेय. मला फक्त दिवस सांगा.”

पंचवीस. नुसतं ‘उद्या’ म्हणायचं होतं. दोन अक्षरं.

“मला आता कळत नाही,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

“त्यांनी आकडे बदलले. सगळे नवीन आहेत. काही समजत नाही.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही.”

तिनं रिकामं पिंप जवळ ओढलं. मग म्हणाली, “फुर्बा म्हणायचा, तारबाबू कधी चुकत नाही.”

“चुकलो ना,” मी म्हणालो. “मीच चुकलो, यांगजी. त्या दिवशी मला ऐकूच आलं नव्हतं.”

तिनं माझ्याकडं पहिल्यांदाच नीट बघितलं. तिला त्यातलं किती कळलं, देव जाणे. “ऐकू नाही आलं तर माणूस काय करणार?” असं काहीतरी म्हणाली आणि उठून गेली.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, म्हणतात. मी म्हणे तिचा जीव वाचवत होतो. पोवारनं विचारलं तेव्हा त्यालाही मी हेच सांगितलं, की पुन्हा चूक झाली तर ही बाईसुद्धा जाईल. तो म्हणाला, “पर ह्यावेळी चूक हाय काय त्यात?” मी म्हणालो, “सांगता येत नाही.” सांगता येत होतं. मला पुरतं ठाऊक होतं. मी तिच्यासाठी भ्यायलो नव्हतो, माझ्यासाठी भ्यायलो होतो. दुसऱ्यांदा कुणाचं रडणं माझ्या अंगणापर्यंत यायला नको होतं मला, बस, एवढंच.

पुढं अठ्ठावीसला बर्फ पडलं, खिंड चैत्रापर्यंत गाडली गेली आणि पलीकडचे तंबू हलवले ते कुठं गेले याचा कुणालाच पत्ता लागला नाही. दीड-दोन वर्षांत आमचं ठाणंही उठलं, सगळीच उठली, आणि मी बदली होऊन परत आलो. हे सगळं नंतरचं. मला सांगायची आहे ती पंचवीस तारीख.

त्या दिवशी असं ऊन पडलं होतं की अंगणात सदऱ्यावर बसता येत होतं. वाऱ्याची झुळूकसुद्धा नाही. सकाळपासून मी बाहेर खुर्ची टाकून बसलो. सात वाजता मी म्हणालो, आता जुने उतरले. नऊला म्हणालो, आता ती पलीकडं उतरली असती. दहाला, आता पोर हाताला लागली. बाराला, आता दोघी अलीकडं आल्या. हे मी मनातल्या मनात म्हणत होतो, आणि खाली गावात यांगजी छपरावर मुळे वाळत घालताना मला दिसत होती. दुपारभर घालत होती. चार वाजता नानानं कळवलं, बदली झाली, सगळं ठीक.

पाचला ती संध्याकाळचं पाणी घेऊन आली.

“आज काय ऊन होतं नाही, दाजू?” ती म्हणाली. असं साधं काही ती बऱ्याच दिवसांनी बोलली होती. “सकाळी मला सारखं वाटत होतं, उठावं आणि जावं. दिवस कळला नाही तर नाही. कमरेला पट्टा बांधला, दारापर्यंत गेले, मग परत फिरले.”

पोवार खोलीच्या दारात येऊन उभा राहिला होता.

“आकडे कळत नाहीत म्हणालात,” ती म्हणाली, “पण आज ते वर होते का, एवढं तरी कळतं का हो तुमच्या यंत्रात?”

पोवार माझ्याकडं बघत होता.

“होते,” मी म्हणालो. “आठही होते. दिवसभर.”

तिनं डोळे मिटले आणि केवढा तरी श्वास सोडला.

“बरं झालं,” ती म्हणाली. “बरं झालं मी गेले नाही.”

आणि तिनं मला हात जोडले. मीही जोडले.